‘इकारुगा’ बनवणाऱ्या ट्रेझर स्टुडिओबद्दल माहिती हवी आहे

सुमेध_नगरकर

नमस्कार मंडळी. स्टीमच्या सेलमध्ये ‘इकारुगा’ घेतला आणि तेव्हापासून दुसरं काही सुचत नाहीये. काळं-पांढरं विमान. आपल्या रंगाची गोळी गिळायची, दुसऱ्या रंगाची चुकवायची आणि बटण दाबून आपला रंग बदलायचा. एवढ्या एका नियमावर अख्खा गेम उभा आहे. तिसऱ्या टप्प्यात हमखास मरतो, पण वैताग येत नाही, लगेच परत सुरू करतो.

हा बनवणारा ट्रेझर स्टुडिओ कोण म्हणून शोधायला गेलो, तर एकाचं दुसऱ्याशी जुळत नाही. एक जण म्हणतो, सीक्वेल, म्हणजे जुन्याच गेमचे पुढचे भाग, काढायचा कंटाळा आला म्हणून कोनामी ही जपानी गेम कंपनी सोडून आलेली ही माणसं. मग ‘गनस्टार सुपर हिरोज’ हा सीक्वेल कुठून आला? दुसरा म्हणतो, ते फक्त स्वतःच्या कल्पनेचे गेम करायचे. आणि यादी बघावी तर मॅकडोनल्डच्या विदूषकाचा गेम, ब्लीच, अ‍ॅस्ट्रो बॉय, वारिओ! शिवाय २०१४ नंतर नवीन काही दिसत नाही. कोणी जाणकार नीट सांगेल का? आणि इकारुगानंतर त्यांचं काय खेळू?

केतकी_ब

सुमेध, यादीतला ‘अ‍ॅस्ट्रो बॉय: ओमेगा फॅक्टर’ दुसऱ्यांचं पात्र आहे म्हणून सोडू नका. निन्टेन्डोच्या गेम बॉय अ‍ॅडव्हान्स या हातातल्या यंत्रावर २००३ मध्ये आला. जपानी चित्रकथाकार ओसामु तेझुकांच्या अ‍ॅटमवरचा, म्हणजे अ‍ॅस्ट्रो बॉयवरचा गेम, पण त्यात तेझुकांच्या इतर चित्रकथांमधली माणसंही भेटतात, ब्लॅक जॅक सुद्धा. आणि ही नुसती हजेरी नाही. जसजशी माणसं भेटतात आणि अ‍ॅटमला काही उमगतं, तसतशी त्याची ताकद वाढवता येते. लेसर, जेट, ठोसा, काय वाढवायचं ते आपण ठरवायचं. म्हणजे ओळखी वाढल्या की अ‍ॅटम मोठा होतो. एकदा कथा संपली असं वाटतं आणि मग कळतं की अर्धाच झालाय, मागे जाऊन वेगळ्या वाटा शोधायच्या आहेत. मी तेझुकांच्या प्रेमापोटी खेळायला घेतला होता. ट्रेझरचं नाव मला त्यातून कळलं.

बाकी इतिहास मास्तर सांगतील. त्यांना बोलवा.

मास्तर_सांगलीकर

आलो. केतकीताईंनी बरोबर ठिकाणाहून सुरुवात केली आहे. सुमेध, तुमचा गोंधळ होतोय कारण ट्रेझरचा इतिहास बहुतेक जण दोन रकान्यांत मांडतात. एकात मनाचे गेम, दुसऱ्यात पोटापाण्याचे. माझ्या मते ही मांडणीच चुकीची आहे. त्यांच्या पोटापाण्याच्या गेममधून मनाचे गेम निघाले आणि मनाच्या गेममध्ये सापडलेलं पुढच्या कंत्राटी कामात गेलं. हे उदाहरणांसकट दाखवतो. मी पॉलिटेक्निकमध्ये मायक्रोप्रोसेसर शिकवतो, त्यामुळे मध्येच हार्डवेअरकडे वळेन. पण ते सोडलं तर ट्रेझर कळतच नाही.

१९९१ च्या सुमाराला कोनामीत मासातो माएगावा आणि त्याचे काही सहकारी एका नव्या अ‍ॅक्शन गेमचा विचार करत होते. ‘सुपर कॅसलव्हेनिया ४’, ‘द सिम्पसन्स’चा आर्केड गेम, ‘बकी ओहेअर’ अशा कामांतून तयार झालेली ही मंडळी. कोनामीचा भर तेव्हा चालत्या मालिकांचे पुढचे भाग काढण्यावर होता. ही कल्पना तिथे मंजूर झाली नाही. मग १९ जून १९९२ ला त्यांनी स्वतःची कंपनी काढली, ती ट्रेझर.

कोनामीत त्यांचा हात निन्टेन्डोच्या सुपर फॅमिकॉम या घरगुती गेमयंत्रावर बसलेला होता. बाहेर पडल्यावर मात्र ते त्याच्या स्पर्धक यंत्राकडे, सेगाच्या मेगा ड्राइव्हकडे गेले. कारण होतं प्रोसेसर. सुपर फॅमिकॉमचा प्रोसेसर जास्तीत जास्त ३.५८ मेगाहर्ट्झने चालतो. मेगा ड्राइव्हमध्ये मोटोरोलाचा ६८००० आहे, ७.६७ मेगाहर्ट्झचा, बत्तीस बिटी रजिस्टरं भरपूर. रंग सुपर फॅमिकॉमचे जास्त, आवाज त्याचा चांगला. पण यांच्या डोक्यात जी हालचाल होती तिला गणिताची ताकद हवी होती.

सेगाकडे गेले, तर सेगाने आधी नकार दिला. नवी कंपनी, नावावर एकही गेम नाही. त्याऐवजी त्यांना मॅकडोनल्डच्या गेमचं काम मिळवून दिलं, तोच तुमच्या यादीतला ‘मॅकडोनल्ड्स ट्रेझर लँड अ‍ॅडव्हेंचर’. काही महिन्यांनी मूळ कल्पनेलाही होकार आला. मग माणसं विभागून दोन्ही गेम एकाच वेळी चालले. गंमत अशी की नंतर सुरू झालेला आधी पुरा झाला. १० सप्टेंबर १९९३ ला ‘गनस्टार हिरोज’ जपानमध्ये आला आणि त्याच महिन्यात मॅकडोनल्डचाही.

मॅकडोनल्डचा गेम जरूर बघा. जाहिरातीचा गेम म्हटल्यावर आपण जी अपेक्षा करतो त्याच्या फार पुढचा आहे. गळ्यातला रुमाल वर फेकून आकड्याला अडकवायचा आणि झोका घ्यायचा, हे इतकं सफाईने जमवलंय की हात आपोआप सरावतो. कंपनीची पहिली दोन अपत्यं एकाच महिन्यातली, एक भाड्याच्या पात्राचं, एक स्वतःचं, आणि दोन्हींवर हात सारखाच फिरलेला. माझा मुद्दा इथूनच सुरू होतो.

आता ‘गनस्टार’ मधला सेव्हन फोर्स. खाणीतल्या रुळांवर, भन्नाट वेगाने धावताना ग्रीन नावाचा प्रतिस्पर्धी एका यंत्रात बसून येतो आणि ते यंत्र रूपं बदलत राहतं. कधी माणूस, कधी वाघ, कधी गरुड, कधी खेकडा. वर्गात मी हा भाग थांबवत थांबवत दाखवतो, कारण यात अख्खा धडा आहे.

मेगा ड्राइव्हचं ग्राफिक्स हार्डवेअर पडद्यावर एका वेळी जास्तीत जास्त ८० स्प्राइट, म्हणजे हलवता येणारे चित्रांचे तुकडे, दाखवतं. एक स्प्राइट फार तर ३२ बाय ३२ पिक्सेलचा. तो आडवा-उभा उलटा करता येतो, तिरका फिरवता येत नाही. मग अर्ध्या पडद्याएवढा, हातपाय वळवणारा शत्रू करायचा कसा? त्यांनी तो लहान लहान सुट्या तुकड्यांतून जुळवला. गोलसर तुकडा कितीही फिरवला तरी तसाच दिसतो, त्यामुळे फिरवण्याची वेगळी चित्रं काढावी लागत नाहीत. फक्त प्रत्येक तुकडा या क्षणी कुठे असावा ते काढायचं. खांदा हलला की कोपर हलणार, कोपर हललं की मनगट. प्रत्येक सांध्याला त्रिकोणमिती.

आणि वेळ किती? सेकंदाला ६० चित्रं. ७.६७ मेगाहर्ट्झला ६० ने भागा, एका चित्रामागे साधारण १ लाख २७ हजार क्लॉक सायकल, म्हणजे प्रोसेसरचे ठोके. ६८००० ला एक सोळा बिटी गुणाकार करायला ७० पर्यंत सायकल लागतात आणि अपूर्णांकांचं गणित चिपमध्ये मुळातच नाही. अशा वेळी साइनच्या किमतींचा तक्ता आधीच रॉममध्ये भरून ठेवतात आणि पूर्णांकांवरच काम भागवतात. तेवढ्या वेळात दोन खेळाडू, त्यांच्या गोळ्या, स्फोट, टक्कर तपासणं, सगळं उरकायचं. विद्यार्थ्यांना पहिल्यांदा हा हिशेब फळ्यावर करून दाखवला की त्यांचे डोळे मोठे होतात. माझेही झाले होते.

शस्त्रांचंही असंच. मूळ शस्त्रं चार. एक एकटं वापरा किंवा कुठलीही दोन जोडा, तेच तेच दोनदा जोडलं तरी चालतं. चार एकटी, सहा वेगवेगळ्या जोड्या, चार स्वतःशीच जोडलेली, म्हणजे चौदा. चार वस्तू देऊन चौदा प्रकारचा खेळ. थोडक्यात खूप काढायची ही सवय तुम्हाला इकारुगात पराकोटीला गेलेली दिसेल.

विन्या_कुर्ला

मास्तर, मस्त. यात आपल्याकडचा एक धागा जोडतो. नव्वदीत आपल्या बहुतेकांच्या घरी मेगा ड्राइव्ह नव्हताच. आपल्याकडे होता तो फॅमिकॉमची नक्कल केलेला टीव्ही गेम, वर पिवळी कॅसेट, आणि त्यात कोनामीचाच ‘काँट्रा’. त्यामुळे कोनामीची पळता पळता गोळ्या मारायची शैली आपल्या पिढीच्या बोटात आहे, नाव माहीत नसलं तरी. गनस्टार मी फार उशिरा खेळलो, पण पहिल्या मिनिटाला ओळखीचं वाटलं ते यामुळेच.

मेगा ड्राइव्ह भारतात अधिकृतपणे आला होता, शॉ वॉलेसमार्फत. आयात शुल्क प्रचंड होतं, त्यातून वाट काढायला सेगाने त्यांच्याशी करार केला. किंमत १८,००० रुपये. १९९५ मधले अठरा हजार! आमच्या चाळीत तो कोणाकडे असणं शक्यच नव्हतं. म्हणून मास्तर ज्या गेमबद्दल लिहितायत ते आपल्याकडच्या बहुतेकांनी वीस-पंचवीस वर्षांनी, कॉम्प्युटरवर पाहिले. माझं म्हणणं, उशीर झाला तरी बघाच.

एक विचारतो. ‘एलियन सोल्जर’ बद्दल लिहा ना. मला तो अजून झेपत नाही.

मास्तर_सांगलीकर

विनयराव, किमतीचा तपशील दिलात ते बरं केलंत. मेगा ड्राइव्हवरचे हे गेम आपल्याकडे कोणाच्या बालपणात का नाहीत ते त्यातून कळतं.

‘एलियन सोल्जर’, १९९५. त्याच्या सुरुवातीच्या पडद्यावर मोडक्यातोडक्या इंग्रजीत एक आरोळी आहे, ६८००० चं काळीज पेटवायची वेळ आली आहे अशा अर्थाची. एका चिपच्या नावाने युद्धघोषणा करणारा गेम मी दुसरा पाहिलेला नाही, आणि ती त्यांनी मनापासून केलेली आहे. हिदेयुकी सुगानामी याचा हा गेम. यात वाटेवरचे शत्रू म्हणजे नुसती उसंत. खरा खेळ एकामागून एक येणाऱ्या बॉसचा, म्हणजे बलाढ्य मोठ्या शत्रूंचा.

तुम्हाला झेपत नाही कारण तुम्ही तो बहुधा ‘काँट्रा’ सारखा खेळताय. त्यात गोळ्या चुकवत राहिलात की संपलात. समोरून आलेल्या गोळीवर काउंटर फोर्स हा प्रतिडाव टाकला की तिचं तुमच्या प्राणशक्तीत रूपांतर होतं. प्राणशक्ती पूर्ण भरलेली असताना झेप घेतली की तुम्ही ज्वाला बनून शत्रूच्या आरपार जाता आणि तो एका फटक्यात अर्धमेला होतो. म्हणजे मार टाळणं, मार पचवणं आणि मार देणं एकाच साखळीत आहे. आधी काउंटर अंगवळणी पाडा, शस्त्रांचा विचार नंतर. शत्रूची गोळी हीच आपली शिदोरी, हा विचार ध्यानात ठेवा, तो पुढे परत येणार आहे.

आता भाड्याच्या पात्रांचा धागा. १९९४ मध्ये त्यांनी मेगा ड्राइव्हवर ‘यू यू हाकुशो’चा मारामारीचा गेम केला. तोगाशींच्या गाजलेल्या मांगाची, म्हणजे जपानी चित्रकथेची पात्रं. बाकीचे लोक दोघांची लढत करत होते, यांनी एकाच वेळी चौघांना उतरवलं. चौघं एका रेषेवर आले की गर्दी होणार, म्हणून रिंगण दोन पातळ्यांचं केलं, पुढची आणि मागची, आणि उडी मारून पातळी बदलायची. हा गेम अमेरिकेत गेलाच नाही. ब्राझीलमध्ये मात्र टेकटॉय कंपनीने तो १९९९ मध्ये काढला, मेगा ड्राइव्ह इतरत्र विस्मृतीत गेल्यावर.

दोनच वर्षांनी, १९९६ मध्ये, सेगाच्या सॅटर्न या पुढच्या यंत्रावर त्यांचा स्वतःचा ‘गार्डियन हिरोज’ आला. पातळ्या दोनाच्या तीन झाल्या. आपापसांतल्या लढाईत चाराचे सहा खेळाडू. त्यावर फाटे फुटणारी कथा, प्रत्येक टप्प्यानंतर वाढणारे गुण आणि आपल्या हुकमावर लढणारा एक मेलेला योद्धा. लोक याला ट्रेझरच्या मनाचा गेम म्हणतात, आणि तो आहेच. पण त्याचा पाया भाड्याच्या पात्रांवर घातला गेला. पुढे २००६ आणि २००७ मध्ये निन्टेन्डो डीएसवर त्यांनी ‘ब्लीच’चे गेम केले. परत दोन पातळ्या, परत चौघं. बारा वर्षांनी तेच बियाणं तिसऱ्या शेतात. ब्लीचचे चाहते म्हणून ते घेणाऱ्या मुलांना यातलं काही माहीत असायची गरज नव्हती, त्यांना चांगली मारामारी हवी होती आणि ती त्यांना मिळाली.

सुमेध_नगरकर

सर, खूप आभार. रकान्यांचा मुद्दा पटला. पण मग इकारुगा यात कुठे बसतो? तो कोणाच्याच कंत्राटातून आलेला दिसत नाही. आणि तो तर शस्त्रं जोडण्याच्या उलट आहे, त्यात एकच गोळी आहे.

मास्तर_सांगलीकर

उत्तम प्रश्न. यासाठी हिरोशी इउची या माणसाकडे जावं लागेल.

इकारुगाच्या आधी त्याने ‘रेडियंट सिल्व्हरगन’ केला, १९९८ मध्ये, आधी आर्केडला आणि लगेच सॅटर्नवर. त्यात शस्त्रांची पाकिटं उचलायची नसतात. सगळी सात शस्त्रं पहिल्या क्षणापासून हातात असतात. बटणं तीन. एकेक दाबा, तीन शस्त्रं. दोन-दोन मिळून दाबा, आणखी तीन. तिन्ही दाबा, सातवं. तीन बिटांतून शून्य वगळून सात आकडे निघतात तसं. सातवं शस्त्र म्हणजे तलवार, आणि ती गुलाबी रंगाच्या गोळ्या शोषून घेते. पुरेशा शोषल्या की प्रचंड वार करता येतो. शिवाय शत्रू लाल, निळे, पिवळे. एकाच रंगाचे ओळीने मारले तर गुण वाढतात, आणि गुण वाढले की शस्त्रं बळकट होतात. म्हणजे इथे गुण मिरवायला नसतात. बेफिकीर खेळणाऱ्याची शस्त्रं शेवटी तोकडी पडतात.

आता इकारुगा समोर ठेवा. सात शस्त्रांचं एक झालं. तीन रंगांचे दोन झाले. तलवारीने गोळी शोषण्याची जी एक करामत होती ती पूर्ण विमानाचा स्वभाव बनली. एलियन सोल्जरमध्ये शत्रूची गोळी शिदोरी होती, म्हणून मघाशी लक्षात ठेवा म्हणालो. इउचीने नवा नियम शोधला असं मला वाटत नाही. घरात असलेल्या नियमांतून त्याने काढता येईल तेवढं काढून टाकलं. म्हणून तुम्हाला तो उलटा वाटतो.

तो सुरू झाला तो कंपनीच्या वेळापत्रकाबाहेर, हातावर मोजता येतील एवढ्या माणसांत. पहिल्या आराखड्यात गोळ्या मोजक्या होत्या. शत्रूच्या गोळ्या गिळल्या तरच आपल्या भरायच्या. खेळणाऱ्याची फार कोंडी होते म्हणून तो नियम सोडला, पण गेमच्या घरगुती आवृत्तीत तो ‘प्रोटोटाइप’ नावाने ठेवलेला आहे. खेळून बघा, त्यांनी काय आणि का सोडलं ते पाच मिनिटांत हाताला कळतं. पुढे प्रत्यक्ष बांधणीत जी-रेव्ह या दुसऱ्या छोट्या स्टुडिओची मदत झाली. टाइटोतून बाहेर पडलेल्या लोकांचा तो स्टुडिओ, त्यांना स्वतःच्या ‘बॉर्डर डाउन’साठी पैसा उभा करायचा होता. ट्रेझरने सेगासाठी मॅकडोनल्ड केला तसं जी-रेव्हने ट्रेझरसाठी इकारुगा केला. तुमच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे: इकारुगा हे कोणाचं तरी पोटापाण्याचं काम होतंच.

आर्केडला तो डिसेंबर २००१ मध्ये आला. सेगाच्या ड्रीमकास्ट या घरगुती यंत्रावर सप्टेंबर २००२ मध्ये, फक्त जपानात. सेगाने ड्रीमकास्टचं उत्पादन थांबवत असल्याचं २००१ च्या जानेवारीतच जाहीर केलं होतं. बंद पडलेल्या यंत्रासाठी एवढ्या निगुतीने गेम काढणारे लोक मला फार थोर वाटतात. पुढच्या वर्षी निन्टेन्डोच्या गेमक्यूबवर तो जगभर गेला. आणि त्याचं संगीत ऐका. तेही इउचीचंच आहे. आर्केडमध्ये टप्पा वेळेवर बांधलेला, शत्रू ठरल्या क्षणी येणार, म्हणून संगीत आणि दृश्य एकमेकांना धरून चालतात. पहिल्या टप्प्यात पहिला शत्रू आणि पहिला चढ कसा जुळतो ते बघा.

तुम्हाला थोडी व्यावहारिक मदत. तिसऱ्या टप्प्यात मरताय म्हणजे तुम्ही बहुधा प्रत्येक शत्रू मारायला जाताय. विरुद्ध रंगाने मारलं तर दुप्पट इजा होते, हे खरं. पण त्याच रंगाने मारलं तर मेलेला शत्रू त्या रंगाच्या गोळ्या सोडतो आणि त्या तुम्हाला गिळता येतात, त्यातून लेसर भरतो. संकटात असाल तर सारख्याच रंगाने मारा आणि पोट भरा, निवांत असाल तर उलट्या रंगाने मारून मोकळे व्हा. गुणांची साखळी तीन-तीनची आहे, एकाच रंगाचे तीन. पहिल्या साखळीला १००, मग २००, ४०० असं दुप्पट होत २५,६०० ला थांबतं. ती आत्ता विसरा. आधी टप्पे नजरेत बसू द्या.

आणि एकही गोळी न झाडता टप्पा पार करता येतो. काही शत्रू आपले आपण निघून जातात, बॉसची वेळ संपते. त्याला गेममध्ये ‘डॉट ईटर’ असा किताबही मिळतो. गोळ्या मारायच्या गेमने न मारणाऱ्याचाही मान ठेवलाय. एखादा टप्पा सारखा अडवत असेल तर हा प्रयोग जरूर करा. बोटं शांत झाली की डोळ्यांना वाटा दिसतात.

केतकी_ब

मास्तर, सीक्वेलचं राहिलं. आणि शेवटी काय झालं तेही.

मास्तर_सांगलीकर

सीक्वेल त्यांनी केले, केतकीताई. गेम बॉय अ‍ॅडव्हान्सवर २००४ मध्ये ‘अ‍ॅडव्हान्स गार्डियन हिरोज’ आणि २००५ मध्ये ‘गनस्टार सुपर हिरोज’, म्हणजे मूळ गेमनंतर बारा वर्षांनी. निन्टेन्डोबरोबर केलेला ‘सिन अँड पनिशमेंट’ २००० चा. फक्त जपानात विकला गेला, तरी त्यातले संवाद इंग्रजीत आणि खाली जपानी अक्षरं, असा वेगळाच प्रकार. तो २००७ मध्ये डाउनलोड होऊन जगभर पोचला आणि २००९ मध्ये निन्टेन्डोच्या ‘वी’ या यंत्रावर त्याचा दुसरा भाग आला. कोनामी सोडताना त्यांचं भांडण सीक्वेल या प्रकाराशी होतं असं मला वाटत नाही. नव्याला जागाच नाही, याच्याशी होतं. एकदा जागा मिळाली, नाव झालं, मग जुन्याकडे वळायला त्यांना अडचण वाटली नाही.

याचा सगळ्यात सुंदर पुरावा म्हणजे २००४ चा ‘ग्रेडियस ५’. ग्रेडियस ही कोनामीची घरची मालिका, आणि तिचा पाचवा भाग कोनामीने ट्रेझरकडे दिला. दिग्दर्शन इउचीचं, संगीत सिल्व्हरगनवाल्या हितोशी साकिमोतोचं, मदतीला परत जी-रेव्ह. ज्या घरातून मालिकांपायी बाहेर पडले त्याच घरच्या मालिकेचा भाग करायला बोलावणं यावं! आणि त्यांनी तो हातचं राखून केला नाही. विमानामागे तरंगणारे जे गोळे या मालिकेत पहिल्यापासून आहेत त्यांना जागीच थांबवता येईल, दिशा देता येईल, अंतर कमीजास्त करता येईल किंवा गोल फिरवता येईल, असे चार पर्याय दिले. एवढ्याने जुना गेम पूर्ण नवा खेळला जातो.

उत्तरार्धातला मला आवडणारा तपशील ‘बांगाय-ओ स्पिरिट्स’ मधला, निन्टेन्डो डीएस, २००८. यात स्वतः टप्पे बनवता येतात. ते मित्राला पाठवायचे कसे? टप्प्याची माहिती आवाजात बदलायची. डीएसच्या स्पीकरमधून खरखर, चिवचिव ऐकू येते, समोरच्या डीएसचा माइक ती ऐकतो आणि टप्पा तिकडे उमटतो. आवाज रेकॉर्ड करून इंटरनेटवर टाकला तरी चालतो. जुन्या घरगुती कॉम्प्युटरचे प्रोग्रॅम ऑडिओ कॅसेटवर साठवायचे त्याच जातीची ही युक्ती. मॉड्युलेशन शिकवताना याच्याइतकं सोपं उदाहरण मला मिळालेलं नाही. वायरलेस असलेल्या यंत्रावर हे सुचणं म्हणजे हार्डवेअरकडे कोऱ्या डोळ्यांनी बघणं.

मग मात्र ओघ आटला. २०११ मध्ये एक्सबॉक्सवर ‘बांगाय-ओ एचडी’ आणि सिल्व्हरगन, गार्डियन हिरोज यांच्या नव्या आवृत्त्या. २०१३ मध्ये कॅपकॉमसाठी ‘गाइस्ट क्रशर’, २०१४ मध्ये त्याचा पुढचा भाग. त्यानंतर मुख्यतः जुन्याच गेमना नव्या यंत्रांवर आणणं. इकारुगा २०१४ मध्ये स्टीमवर, २०१८ मध्ये स्विचवर. २०२२ मध्ये तिसाव्या वर्धापनदिनाला त्यांनी जाहीर केलं की लोकांनी फार मागणी केलेल्या एका गेमवर काम चालू आहे, आणि त्याच वर्षी सिल्व्हरगन स्विचवर आला, पुढे स्टीमवरही. दरम्यान माणसं पांगली. इउची एम-टू या स्टुडिओत गेला. गार्डियन हिरोजचा तेत्सुहिको किकुची २०१२ च्या ‘कोड ऑफ प्रिन्सेस’ मध्ये दिसला, आणि तो खेळलात तर तीन पातळ्यांची मारामारी परत भेटेल.

मला याचं वाईट वाटतं, आणि ते लपवत नाही. पण ही कंपनी अशी का थांबली याचं मूळ तिच्या चांगुलपणातच आहे असं मला वाटतं. सुगानामी, इउची, किकुची, ‘बांगाय-ओ’वाला याइदा, प्रत्येक गेममागे एक-दोन माणसांची नजर होती. शंभर जणांची कंपनी एक माणूस गेला तरी चालते. इथे एक माणूस गेला की त्याच्याबरोबर गेमचा एक प्रकारच जायचा. गेमचा खर्च वाढत गेला, संघ मोठे होत गेले, तेव्हा यांना मोठं होता आलं असतं का? आलं असतं, पण मग इकारुगा चार माणसांच्या मनातून निघाला नसता.

सुमेध, क्रम सांगतो. इकारुगा चालूच आहे, त्याला जोडून सिल्व्हरगन घ्या, स्टीमवर मिळेल, आणि दोन्ही आलटून पालटून खेळा म्हणजे एकातून दुसरा कसा निघाला ते दिसेल. मग गनस्टार, तोही शक्यतो कोणाला तरी शेजारी बसवून, दोघांत. त्यानंतर केतकीताईंचा अ‍ॅस्ट्रो बॉय. एलियन सोल्जर सगळ्यात शेवटी. तिसरा टप्पा पार झाला की इथे कळवा, चौथ्याबद्दल वेगळं लिहावं लागेल.